कुणालाच न काढणारे सलीममामा

सलीममामा तांबोळींकडे कुणाची तक्रार घेऊन गेलं, की ते ऐकूनच घेत नाहीत. आधी तक्रार करणाऱ्याचाच मोबाईल मागतात, बनियनला पुसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि त्या माणसाचं लिहिणं आपल्यापुरतं कसं बंद करायचं ते दाखवतात. "डोळा तुमचा, पापणीबी तुमची. मी कशाला झाकू?"

मामा टीव्ही दुरुस्त करतात. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी आमच्या खुटबावसाठी गप्पांचं जाळं उभं केलंय. शेजारच्या राहू गावाचं वेगळं, कासुर्डीचं वेगळं. पण तिन्ही एकमेकांना जोडलेली. इकडचं लिहिलेलं तिकडं दिसतं. आमच्याकडे कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, सगळं मामांच्या हातात. आणि हा माणूस कुणालाच काढत नाही!

मी रोज एक कविता टाकायचो. राहूचे एक निवृत्त गुरुजी खाली रोज लिहायचे, "यमक जुळलं, कविता राहिली."

"मामा, ह्यांना हाकला."

"तुमच्यापुरतं बंद करा की, आप्पा."

"मला दिसणार नाही. गावाला दिसतंय त्याचं काय?"

"गावाला पापण्या न्हाईत व्हय?"



मग मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दौंडला गेले. आठ दिवस दुकानाची चावी आणि पासवर्ड माझ्याकडे. "फकस्त चालू ठिवा. कुणाला काढू नका."

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी लिहिलं, "आज यमकही नाही." मी अख्खं राहू तोडलं.

मामा यायच्या आदल्या दिवशी पुन्हा जोडलं आणि विषय मिटला असं समजलो. पण एकदा तोडलं, की कोण कुणाचं वाचतं ते माणसामाणसांतले धागेही तुटतात. ज्याचे त्याला नव्याने जोडावे लागतात, हे मला कुठे ठाऊक! बाकीच्यांनी "नेट गंडलं" म्हणत आपापले जोडून घेतले. मामांना कुणी विचारलं नाही. विचारून मोबाईल पुसून मिळण्यापलीकडे काय मिळणार?

मामा मात्र रोज सकाळी आपलाच मोबाईल पुसून पुसून बघायला लागले. आठवडाभराने मी विचारलं.

"शबाना दिसत न्हाई," म्हणाले.

शबाना त्यांची मुलगी, राहूला दिलेली नव्हे, स्वतःच्या पसंतीने लग्न करून गेलेली. तेव्हा मामा "न्हाई" म्हणाले होते, आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. पण ती रोज सकाळी जाळ्यावर एखादी ओळ लिहायची. पोराला ताप आहे. आज मेथी निवडली. मामा वाचायचे, उत्तर कधीच द्यायचे नाहीत.

"एकदा न्हाई म्हणालो, आप्पा. तवापासनं कुणालाच म्हंत न्हाई."

आपल्याच कॉम्प्युटरवरून राहू तोडलं गेलं असेल, हा संशय त्यांना शिवलाही नाही. त्यांनी धरलं, लेकीनेच आपल्याला काढलं.

"परत जोडून बघा की," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

"नको. दार तिनं लावलंय. कडी वाजवली तर उगाच तिला उठावं लागंल."

याला दोन वर्षं झाली. मामा, ते दार मी लावलं होतं. शबाना, तुलाही हेच सांगायचं आहे. तुझा बाप रोज वाचत होता.