डाव्या खांद्यावरचा डाग

"डाव्या खांद्यावर डाग असलेला माणूस दारात उभा केल्याबिगर ते धन हाताला लागायचं न्हाई, चंदाबाई. अन् नाग तर त्याला गिळायलाच बसलाय."

हे वाक्य साखऱ्याचे पोलीस पाटील मुंजाजी यांनी स्वतःच्याच शेतात, हळदीच्या ढिगाआड उभं राहून ऐकलं. बोलणारी दुसरी-तिसरी कुणी नव्हती, त्यांची लग्नाची बायको पार्वतीबाई होती. आणि मुंजाजींच्या डाव्या खांद्यावर जन्मापासून जांभळाएवढा काळा डाग होता. विहिरीवर आंघोळ करतानाही ते अंगातली बंडी काढत नसत. त्यामुळं ही गोष्ट अख्ख्या गावात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस आत्ता ढिगाच्या पलीकडं बसून बोलत होतं.

मुंजाजी मुळातच संशयी. गावात भांडीवाला आला की ते त्याला तीनदा नाव विचारत, आणि तिन्ही वेळा त्यानं एकच नाव सांगितलं तर 'पाठ करून आलाय' म्हणून चौथ्यांदा विचारत. गुप्तधनाच्या भानगडीही त्यांना नव्या नव्हत्या. ठाण्यातल्या बैठकीत साहेब दरवेळी बजावायचे, जुन्या गढीजवळ, माळावर कुणी लिंबू-नारळ घेऊन फिरताना दिसलं तर ताबडतोब कळवा. पण त्यात आपलीच बायको असली तर काय करायचं, हे साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं.

मुंजाजी खाकरून पुढं झाले. ढिगाभोवती तांड्यावरच्या बाया हळकुंडं मोडायला बसल्या होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. तांड्यावरच्याच प्रेमदासची पोरगी निलम हिंगोलीला कॉलेजात शिकायची, सुट्टीला आली की आईबरोबर कामाला यायची. तिनं मांडीवरचं काहीतरी चटकन पोत्याखाली सारलं.

"काय चाललंय?" मुंजाजींनी विचारलं.

"हळद मोडून राहिलो," चंदाबाई म्हणाली. तिच्या हातात मघापासून एकच हळकुंड होतं.

संध्याकाळी पार्वतीबाईंनी ताटात भाकरीवर तुपाची धार सोडली. मुंजाजींनी हात आखडता घेतला.

"आज तूप काहून?"

"वाळून चालले तुमी. खावा की."

जत्रेआधी बोकडाची खातिरदारी कशी होते, हे मुंजाजींनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांनी भाकरी कोरड्या बाजूनं खाल्ली. जेवण झाल्यावर पाणी पिता पिता सहज विचारल्यासारखं केलं, "माझ्या खांद्याचं तू कुणाजवळ बोललीस का?"

"तुमच्या खांद्याचं बोलण्यासारखं काय हाये?" म्हणत पार्वतीबाई ताट उचलून गेल्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मुंजाजींच्या अनुभवात सराईत माणसाची हीच खूण होती. त्या दिवसापासून ते बंडीवर बंडी घालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते गोठ्याच्या कुडाला कान लावून उभे राहिले. पलीकडं बाया भाकरी खायला बसल्या होत्या.

"पहिला संपला तवा मला घास गोड लागेना," पार्वतीबाईंचा आवाज आला.

"माझ्या बी डोळ्याला पाणी आलं," चंदाबाई म्हणाली. "लई भला व्हता बिचारा. अन् दुसरा कधी येऊन राहिला?"

"शुक्रवारी," निलम म्हणाली. "हिंगोलीवरून, सुदामकाकाच्या जीपमधी. दुसरा पहिल्यापेक्षा लई जाड हाये म्हणं."

"जाड असला तर बरंच. हळद सरंपस्तोर पुरंल."

मुंजाजींनी नकळत स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. शुक्रवारी तूर घेऊन हिंगोलीच्या बाजारात जायचं त्यांनीच ठरवलं होतं. आणि त्याच सकाळी पार्वतीबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "येताना सुदामच्याच जीपमधी या. दुसऱ्या कशात बसू नका." तेव्हा त्यांना ती बायकोची काळजी वाटली होती. आता तिचा अर्थ वेगळाच लागत होता. पहिला कोण गेला, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरा कोण, ते मात्र कळून चुकलं होतं.

ते तसेच सेनगावच्या ठाण्यात गेले. त्यांच्या गावचा बीट बुद्धभूषण जमादारांकडं होता. माणूस तरुण, शिकलेला, प्रत्येक गोष्ट रीतीनं करणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खांदा दाखवा."

मुंजाजींनी शर्ट काढला, एक बंडी काढली, दुसरी काढली. जमादारांनी डाग जवळून पाहिला, बोटानं घासूनही पाहिला.

"अस्सल हाये," ते म्हणाले. "संशय कुणावर?"

"बायकोवर."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "पाटील, घरात काही भांडण?"

"भांडण असतं तर बरं व्हतं साहेब. तूप वाढून राहिली."

जमादार गंभीर झाले. गुप्तधनाचं प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही, असा वरून सक्त आदेश होता. ठरलं असं की शुक्रवारी मुंजाजींनी बाजारला जायचं, पण येताना जीपमध्ये पाय ठेवायचा नाही. जमादार साध्या कपड्यांत मोटरसायकल घेऊन येतील, दोघांनी जीपच्या मागं मागं राहायचं.

शुक्रवारी सुदामची जीप धुरळा उडवत निघाली. मागं मोटरसायकलवर जमादार, जमादारांच्या मागं उपरणं तोंडाला गुंडाळून मुंजाजी. जीप मुंजाजींच्याच शेताच्या बांधाला थांबली. निलम पळत आली. सुदामनं सीटखालून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, विटेएवढं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि तो निघून गेला. जीपमधून दुसरं कुणीच उतरलं नाही.

"माणूस कुठंय?" जमादारांनी विचारलं.

"तेच बघून राहिलो."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढ्याशा पाकिटात जाड माणूस मावत नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं. पण एवढ्या लांबून पाठलाग करत आलेल्या माणसाला तिथून परत फिरणं जड जातं. ते बांधाच्या आडोशानं वाकून पुढं सरकले.

शेतात हळद शिजवायची मोठी कढई रटरटत होती. वाफेत बाया गोल करून बसल्या होत्या. मधोमध ते काळं पाकीट. चंदाबाईनं त्याला कुंकू लावलं होतं, पुढं नारळ ठेवला होता. पार्वतीबाईंनी विळा उचलला.

मुंजाजींना राहवलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पार्वती, विळा खाली ठेव."

पार्वतीबाईंनी वळून पाहिलं. "तुमी जीपमधी न्हाई आले?" त्यांच्या आवाजात चांगलीच निराशा होती. मुंजाजींनी जमादारांकडं पाहिलं, की बघा, कबुली.

"कुणी हलायचं न्हाई," जमादार पुढं होत म्हणाले. "पाकिटात काय हाये?"

"दुसरा," निलम म्हणाली.

"दुसरा काय?"

"दुसरा भाग, सर."

जमादारांनी विळा घेऊन स्वतःच प्लास्टिक कापलं. आतून एक जाडजूड पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर पंख पसरलेला, तोंडातून जाळ ओकणारा अजस्र प्राणी होता, आणि त्याच्यापुढं तलवार घेतलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्वाळगडचा वारस, भाग दुसरा'.

मग निलमनं पोत्याखालून पहिला भाग काढला आणि सगळा उलगडा केला. ज्वाळगडाच्या गुहेत सोन्याच्या राशीवर ड्रॅगन बसलेला असतो. ड्रॅगन म्हणजे काय, हे सांगता सांगता तिची पुरेवाट झाली होती, तेव्हा चंदाबाईनंच त्याला नाग करून टाकलं होतं. धनावर बसतो तो नागच, पंख असले म्हणून काय झालं. पहिल्या भागात नायकाचा जिवाभावाचा मित्र जातो, आणि शेवटच्या पानावर नायक गुहेच्या दारात उभा असतो. भविष्यवाणी अशी की, डाव्या खांद्यावर डाग असलेलाच ते दार उघडू शकतो. हळद मोडताना निलम रोज वाचायची, बाया ऐकायच्या. मालकानं पाहिलं तर काम सोडून वाचन चाललंय म्हणून ओरडेल, म्हणून पुस्तक पोत्याखाली.

"मग मला सुदामच्या जीपमधी काहून बसवून राहिली व्हतीस?" मुंजाजींनी विचारलं.

"तुमी आत असलं की जीप थेट आपल्याच बांधाला येती. मागल्या टायमाला सुदामनं आमच्या बियाण्याचं पाकीट दुसऱ्याच गावात उतरवलं व्हतं." पार्वतीबाई जमादारांकडं वळल्या. "पण साहेब, तुमी कशापायी आलात?"

जमादार खोटं बोलत नसत, हा त्यांचा मोठा दुर्गुण होता. "पाटलांना वाटलं, तुमी त्यांचा बळी देऊन राहिल्या."

 मग चंदाबाईनं पदर तोंडाला लावला, आणि तिच्यामागं सगळ्या बाया हसू लागल्या. पार्वतीबाई हसल्या नाहीत.

"तुमच्या खांद्याला डाग हाये, हे मी इसरून बी गेले व्हते," त्या म्हणाल्या आणि कढईखाली लाकडं सारायला निघून गेल्या.

जमादारांनी मात्र रीत सोडली नाही. खबर नोंदवली होती, तेव्हा वस्तू तपासून तसा शेरा मारायला हवा. "उद्या परत देतो," म्हणून त्यांनी दुसरा भाग डिकीत ठेवला आणि ते गेले.

उद्या गेला, परवाही गेला. पुस्तक आलं नाही. निलमची सुट्टी संपली आणि ती हिंगोलीला परतली. इकडं बायांचे हात मंदावले. हळकुंड हातात घेऊन त्या गुहेच्या दाराकडं बघत बसल्यासारख्या शून्यात बघायच्या. चंदाबाईनं एकदा स्पष्टच सांगितलं, "पाटील, पोरगं तिकडं दारात उभं. आमचं ध्यान कामात कसं लागंल? किसनरावाच्या मळ्यात बी बोलवून राहिले, तिकडं रेडिओ तरी हाये." हळद अर्धी जमिनीत, अर्धी ढिगात, आणि ऐन हंगामात दुसरी माणसं मिळणार कुठून?

घरात तर त्याहून अवघड. पार्वतीबाईंनी बोलणं सोडलं होतं. जेवण तयार असलं की त्या म्हशीला सांगायच्या, "झाकून ठेवलंय, खायचं असंल त्यानं खावं." तूप तर बंदच झालं होतं. आणि आता मुंजाजींना ते तूप फार आठवत होतं.

शेवटी ते सेनगावला गेले. जमादार जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. पुढ्यात डबा तसाच, मांडीवर पुस्तक.

"साहेब, तपास झाला का?"

"चालू हाये," जमादार मान वर न करता म्हणाले. "पण एक तकलीफ हाये, पाटील. हा मित्र मित्र म्हणून सारखा रडून राहिलाय. कोण मित्र, कसा मेला, कायबी पत्ता लागेना. पहिला भाग असल्याबिगर प्रकरण उलगडत न्हाई."

मुंजाजींना हे अपेक्षित होतं असं नाही, पण निलमनं जाताना पहिला भाग पार्वतीबाईंजवळ ठेवला होता, आणि वाटाघाटीला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी तो पिशवीत घातला होता. झाडाखाली अदलाबदल झाली. जमादारांनी लगेच पहिलं पान उघडलं आणि मुंजाजींना 'या' म्हणायचंही विसरले.

परतीच्या जीपमध्ये मुंजाजींनी पुस्तक सहज उघडलं. ज्या कागदानं आपल्या संसारात आग लावली, त्यात असं आहे तरी काय, एवढंच बघायचं होतं. पोरगं दारात उभं होतं. त्यानं सदरा बाजूला केला, डाग दगडाला टेकवला, आणि दार करकरत उघडलं. मुंजाजींचा स्वतःचा खांदा शिवशिवला. नंतर सुदामनं 'पाटील, पाटील' म्हणून हाका मारल्या तेव्हा साखरा मागं राहिलं होतं आणि जीप शेवटच्या गावात उभी होती. तिथून दुसरी गाडी मिळेपर्यंत ते पारावर बसले. सुदामला नंतर त्यांनी सांगितलं की, तिकडं एक काम होतं.

दुपार कलल्यावर ते शेतात पोचले. पुस्तक पाहून बायांच्या अंगात जीव आला. पण वाचणार कोण? अक्षरओळख आणि चष्मा, दोन्ही एकट्या मुंजाजींकडं होतं. ते पोत्यावर बसले, घसा साफ केला आणि पंचनामा वाचावा तसं वाचू लागले. हळूहळू आवाजाला लय आली. नाग फुसफुसला तेव्हा ते फुसफुसले. बायांचे हात भराभर चालू लागले. पार्वतीबाई कढईजवळ पाठ करून उभ्या होत्या, पण लाकडं सारायची थांबल्या होत्या.

सेनापती नायकाला मिठी मारतो, त्या ठिकाणी मुंजाजी थांबले. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं.

"ह्या सेनापतीवर नजर ठेवा," ते म्हणाले. "मला हा माणूस बराबर वाटत न्हाई."

"काहून? केवढा गोड बोलून राहिलाय," चंदाबाई म्हणाली.

"म्हणूनच. एवढ्या वर्षांची नोकरी हाये माझी. माणूस वासावरून वळखतो मी."

त्यांनी पुढं वाचलं. पुढच्याच प्रकरणात सेनापतीनं नायकाच्या तलवारीची मूठ सैल करून ठेवली. बायांनी हळकुंडं खाली टाकली. चंदाबाईनं कपाळाला हात लावला. "पाटलाची नजर मानली पायजे. पानात दडलेला चोर बी सुटंना."

मुंजाजींनी नम्रपणे मान खाली घातली. धाडीपासून गावात गेलेली इज्जत शेताच्या दिशेनं परत येताना त्यांना साफ दिसत होती.

पार्वतीबाई कढईजवळून आल्या. हात पदराला पुसले आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या.

"जीपमधी वाचलंत का?"

"न्हाई."

"सुदाम आत्ताच इकडून गेला."

मुंजाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पार्वतीबाई त्यांच्याकडं एकटक बघत होत्या.

"नागाचं काय व्हतंय?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाव? तिथपस्तोर वाच—" म्हणता म्हणता मुंजाजी थांबले.

पार्वतीबाईंनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, पानात खूण म्हणून हळदीचं पान घातलं आणि ते पदरात गुंडाळलं.

"उद्यापासून हे माझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या. "वाचायच्या टायमाला मागायचं. अन् चला आता घरी, जेवायला उशीर झाला."

मुंजाजी उठून निघाले. पार्वतीबाई त्यांच्या मागून चालत होत्या, पुस्तक काखेत घट्ट धरून, नजर त्यांच्या पाठीवर ठेवून.