नलूताईंच्या डोक्यावरचे वावर

सकाळी सातच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीपलीकडून प्रश्न येतो, "भाऊजी, जुनी बनियन हाये काय?"

अमरावतीच्या राजापेठेत मी पुष्कळ वर्षे राहतो. शेजाऱ्यांनी साखर मागितली आहे, शिडी मागितली आहे, एकाने जामीन राहण्याविषयीही विचारणा केली होती. बनियन मागणाऱ्या शेजारीण एकच. नलूताई इंगळे.

खुलासा आवश्यक आहे. नलूताईंच्या मते टॉवेल हा कुरळ्या केसांचा शत्रू आहे. त्याचे धागे केसांची वळणे ओढून विसकटतात. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती बनियन मात्र पाणी शोषून घेते आणि केसाला धक्का लावत नाही. "नवी नोका देऊ. तुमच्या आंगावर झिजलेली पायजे," हे त्या भिंतीवरून, शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या देखत, मोठ्याने सांगतात. माझी सारी नोकरी न्यायालयात झाली. अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेथे माझ्या बनियनचा उल्लेख कोणी केला नव्हता.

नलूताई कृषी खात्यात होत्या. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली. लग्न केले नाही. कारण मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. माझ्या पत्नीची, मालतीची, त्यांच्याशी मैत्री होती; म्हणून मी भाऊजी. मालती गेल्यावरही संबोधन बदलले नाही.

निसर्गाने नलूताईंच्या एकाच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस दिले आहेत. टाळूवर घट्ट वेटोळी, कानांच्या बाजूंना सैल लाटा आणि मानेपाशी जवळजवळ सरळ. दुसऱ्या कोणी तेल थापून अंबाडा घातला असता. नलूताईंनी जमिनीची प्रतवारी केली.

"टाळूवर भारी जमीन, बाजूले मध्यम, मानेपाशी हलकी," त्या समजावून सांगतात. "आता साऱ्या वावराले एकाच मापानं पानी देसान त काय होईन? इकडं चिखल अन् तिकडं भेगा. आधी माती पाहा!"

'आधी माती पाहा' हे त्यांचे पालुपद आहे. भाजीवाल्याला, डॉक्टरला, निवडणुकीच्या उमेदवाराला त्या हेच सांगतात. माझ्या टकलाकडे पाहून त्यांनी मात्र एका शब्दात निकाल दिला: "पडीत." त्यावर अपील नाही.

वऱ्हाडात इतर घरी जवसाची चटणी होते. नलूताईंकडे जवस उकळतो. त्याला सुटलेला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट रस त्या गाळून घेतात आणि डोक्याच्या प्रत्येक विभागाला त्याच्या गरजेप्रमाणे देतात. वेटोळ्यांना सढळ हाताने. लाटांना बेताने, मुठीत दाबून. मानेवरच्या सरळ बटा एकेक करून बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. हे सर्व अंगणात, स्टुलावर बसून, मान गुडघ्यांपर्यंत खाली घालून चालते. नवीन पोस्टमनने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो माझ्याकडे धावत आला. बाईंना चक्कर आली आहे, असे त्याचे म्हणणे होते.

एकदा आम्ही ऑटोतून येत होतो. समोर बसलेली एक मुलगी कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढत होती. नलूताईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"कोरड्यात वखर चालवून राहिली काय वो पोट्टे? वावर ओलं झाल्याबिगर हात लावाचा नाई!"

मुलीची आई भांडायला उठली. राजापेठ येईपर्यंत ती आई जवस किती वेळ उकळायचा ते विचारत होती. मी बाहेर पाहत बसलो.

नलूताईंची खरी परीक्षा गौरीने घेतली. गौरी ही त्यांच्या बार्शीटाकळीच्या भावाची मुलगी. अमरावतीत नोकरी लागल्यापासून ती आत्याकडे राहत होती. आत्याच्या तीनही प्रकारच्या केसांचा वारसा तिला मिळालाच होता. शिवाय कॉलेजात असताना तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि त्यात कपाळाजवळचे जळाले. मुळाशी घुंगरू आणि टोकाला खराट्याच्या काड्या, अशी अवस्था होती. नलूताईंनी जळालेला भाग बोटबोट कापत नेला आणि नव्या वाढीची राखण केली. "पोट्टीचं वावर हळूहळू लागवडीखाली येऊन राहिलं," अशी वार्ता मला भिंतीवरून मिळत असे.

तेवढ्यात गौरीचे लग्न ठरले. मुलगा निखिल काळे, अकोल्याचा. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख पक्की करायला त्याची आई अमरावतीला आली. मलाही बोलावणे होते. चहा झाला. काळेबाईंनी गौरीच्या केसांना हात लावला.

"पोरगी गुनाची हाये. हे तेवढं सरळ करून घ्या ना साक्षगंधाच्या आंधी. फोटोत झुडपावानी दिसते. पार्लरवाली मी सांगून ठेवली हाये."

गौरी कपात पाहू लागली. नलूताईंनी बशी खाली ठेवली.

"एक डाव जळालं थे वावर. दुसऱ्या डाव काडी लावू देनार नाई."

"मंग काय असंच बसवता पोरीले?"

"असंच बसवतो. तुमच्या साऱ्या पावन्यायसमोर. अन् एकानं जरी नाव ठेवलं ना, त त्याच मांडवात माहं डोस्कं भादरून घेतो! भाऊजी साक्षीले हायेत."

मी पोहे खात होतो. साक्षीदार झालो.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी गौरी आली. "काका, पयल्याच दिवशी मान खाली घातली, त मंग जिंदगीभर खालीच राहीन ना?"

"राहील," मी म्हणालो.

साक्षगंध ऐन उन्हाळ्यात होते. अकोल्याच्या उन्हाळ्याविषयी लिहून वाचकांचा वेळ घेत नाही. आम्ही सकाळीच मंगल कार्यालयात पोहोचलो. जवसाचा रस घरून स्टीलच्या डब्यात आणला होता. तो नलूताईंनी आचाऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवला. गौरीचे केस धुतले, तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवले आणि डबा आणायला मला पाठवले.

डबा मला वाटेतच भेटला. तो रिकामा होता आणि निखिलच्या मोठ्या काकांच्या हातात होता.

"हे जवसाचं पानी कोनं आनलं वो?" काका प्रसन्न होते. "आचारी म्हने जवसाचं हाये. गुडघ्याले याच्यासारखं औषद नाई. थोडं जिरं-मीठ टाकलं अन् घेऊन टाकलं सारं. बेस होतं!"

मी नलूताईंना वस्तुस्थिती सांगितली. त्यांनी काकांच्या गुडघ्यांविषयी जे उद्गार काढले ते येथे देता येत नाहीत. गौरीचे केस ओले होते आणि त्या उकाड्यात झपाट्याने वाळत होते. वाळल्यावर रस लावून उपयोग नव्हता. नलूताई स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. जवस भरपूर होता. पण आचाऱ्याने चटणीसाठी सगळा भाजून ठेवला होता, आणि भाजलेल्या जवसाला तसा चिकटपणा सुटत नाही. नलूताईंचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. वेटोळी चाचपून त्यांनी तो खाली घेतला.

त्याच वेळी काळेबाई दारात आल्या. "काहून वो, उशीर काहून होऊन राहिला?"

नलूताई त्यांच्याकडे पाहत होत्या. काळेबाईंचे केस पार्लरमध्ये घोटून सरळ केलेले होते. परंतु कानांजवळचे घामाने भिजून पिळदार झाले होते. बाई ते पुन्हापुन्हा पदराने दाबत होत्या आणि ते पुन्हापुन्हा वर येत होते.

"मध्यम जमीन," नलूताई हळूच म्हणाल्या. "अन् मागं भारी असंन. नाई?"

काळेबाईंचा पदर कानापाशीच थांबला. गौरीच्या केसांतून एक थेंब फरशीवर पडला.

"माहे लानपनी पोरीवानीच होते," काळेबाई म्हणाल्या. "सासूबाईले चालले नाई." मग पदर खोचला. "जवस कच्चाच पायजे ना? घर मागच्या गल्लीत हाये. आनतो."

भरजरी शालूत, भर उन्हात, वराची आई जवस आणायला गेली. आचाऱ्याला बाजूला सारून तिनेच तो उकळला आणि ओलसर केसांवर पाण्याचे हबके मारीत तीच गौरीजवळ उभी राहिली. नलूताईंची बोटे चालू लागली. टाळू, बाजू, कपाळ. कुठे दाबून, कुठे गुंडाळून, कुठे नुसते सोडून. "कानामागं काय करता?" काळेबाईंनी दोनदा विचारले. नलूताईंनी दोन्ही वेळा करून दाखवले.

गौरी मांडवात आली. वर्णनाचे कौशल्य माझ्याकडे नाही. एवढे नमूद करतो की तिन्ही प्रकारचे केस आपापल्या जागी, आपापल्या चालीने उभे होते. कोणी कोणाची नक्कल करीत नव्हते. आणि तिची मान ताठ होती. निखिल अंगठी हातात धरून नुसता पाहत राहिला. मागून कोणी "घाल ना बे!" म्हणाले तेव्हा त्याने ती घातली.

चांदूर बाजारहून आलेल्या एका मावशींनी विचारले, "कोन्त्या पार्लरमंदी केले वो पोरीचे केस?"

मी नलूताईंकडे पाहिले. पण उत्तर काळेबाईंनी दिले, तेही साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे. "पार्लर कायचं? आमच्या घरचा जवस हाये तो!"

नलूताईंनी हे श्रेय जाऊ दिले, याचे मला आश्चर्य वाटले. "जाऊ द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जवस त्यायचाच होता ना." नाव कोणी ठेवले नाही. डोके भादरण्याचा प्रसंग टळला. जेवणे आटोपल्यावर मी मागच्या खोलीत डोकावलो, तर स्टुलावर काळेबाई बसल्या होत्या, मान बादलीत, आणि नलूताई त्यांना मातीचे प्रकार समजावत होत्या. मोठे काका दारात उभे होते. रस उरला आहे काय, अशी त्यांची चौकशी होती.

संध्याकाळी अमरावतीला परतलो. सामान आत नेताना नलूताईंनी मला कापडाची पिशवी कपाटात ठेवायला सांगितली. मी कपाट उघडले. खालच्या कप्प्यात माझ्या बनियनी होत्या. सगळ्या. धुतलेल्या, इस्त्रीच्या घडीत, एकावर एक. घडी मोडलेली एकही नव्हती. पिशवीतले, गौरीचे केस टिपलेले कापड मी पाहिले. ते नलूताईंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा होता.

"या वापरल्याच नाहीत," मी म्हणालो.

"तुमच्या बनियनीले भोकं किती हायेत! केस अडकते त्यात."

"मग मागता कशाला?"

नलूताई माठातून पाणी काढत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

"मालती गेली तईपासून तुमी बोलता कोनाशी, सांगा बरं? बनियन मागतली का रागानं का होईना, चार शबद निघते तुमच्या तोंडातून. आदमी उठला, एवढं त समजते."

मी कपाट लावले. पाणी प्यालो. घरी आलो.

दिवाळीनंतर गौरीचे लग्न झाले आणि ती अकोल्याला गेली. तिची पाठवणी करून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून गेले, तरी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. अंगणात स्टूल होते. त्यावर कोणी नव्हते. जवसाचा वास नव्हता.

मी माझे कपाट उघडले. जुनी बनियन माझ्याकडे उरलेलीच नव्हती. नव्या पाकिटातली एक काढली आणि भिंतीपाशी गेलो.

"नलूताई," मी हाक मारली. "बनियन आहे."

मग आतून आवाज आला. थोडा बसलेला होता.

"नवी त नाई ना?"

"नवीच आहे," मी म्हणालो. "झिजायला वेळ लागेल."

कडी निघाल्याचा आवाज आला.