लिंबाजीनानांचा बिल्ला

"लिंबाजीनाना कचरा वेचायला गेल्ते आन् खुर्ची टाकून गाणं ऐकत बसले. मंग पोरीनं बिल्ला काढून घेतला."

आमच्या कॉलनीतले बाबुराव ही हकिकत गेले तीन महिने चहाबरोबर वाटत आहेत. बाबुराव त्या दिवशी मैदानावर नव्हते. मी होतो. खुर्ची होती आणि बिल्ला गेला, एवढेच त्यात खरे आहे.

नाना मूळचे केदारखेड्याचे. आता जालन्यात माझ्या शेजारी राहतात. रस्त्यात कोणी गोळीचा कागद सोलला, की नाना एक पाऊल अंतर ठेवून त्याच्या मागे चालू लागतात. बोलत काहीच नाहीत. तो थांबला तर थांबतात, वळला तर वळतात. कागद कचराकुंडीत पडला, की "बराबर" म्हणून परत फिरतात. खुद्द बाबुरावांच्या मागे ते एकदा बसस्थानकापासून दवाखान्यापर्यंत गेले होते. माझ्या मते वैराचे मूळ तिथे आहे.

शहराबाहेरच्या मुरमाड मैदानावर रॉक संगीताचा कार्यक्रम ठरला आणि ते मैदान जसे घेतले तसेच स्वच्छ परत करण्याची मोहीम काही विद्यार्थ्यांनी हाती घेतली. स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव नानांचे. फॉर्म भरणाऱ्या मुलाने वय विचारले, तेव्हा नानांनी सांगितले, "हातपाय चालून राह्यले, एवढं लिहा." प्रत्येकाला हिरवा बिल्ला मिळाला. नानांनी तो टोपीला लावला आणि कार्यक्रमाला चार दिवस अवकाश असताना भाजी आणायलाही तशाच टोपीने गेले. पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मिळालेले ते त्यांचे पहिले पद होते. त्यांच्या आग्रहाखातर मीही नाव दिले.

आता मैदानावरची वस्तुस्थिती. एका दाढीवाल्या तरुणाने कागदी पेला खाली टाकला. नाना त्याच्या मागे उभे राहिले. तो नाचत डावीकडे सरकला, नाना डावीकडे. तो गोल फिरला, नानांनीही पोते सावरत प्रदक्षिणा पुरी केली. दोन गाणी संपेपर्यंत त्या तरुणाचा धीर सुटला. त्याने आपला पेला उचलला आणि शेजाऱ्यांचे चार पेलेही उचलून नानांच्या पोत्यात टाकले. याला बाबुराव गाणे ऐकणे म्हणतात काय?

पुढे मात्र नाना चालता चालता एकाएकी थबकले. मला तिथेच उभे करून व्यासपीठामागून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले, ती नाचणाऱ्या गर्दीच्या मधोमध बेताने ठेवली आणि काठी आडवी धरून बसले. कोणी फार जवळ आला, की काठीचे टोक त्याच्या पोटरीला लागे.

मोहिमेची प्रमुख श्रुती नावाची मुलगी धावत आली. तिच्यावर सगळ्या मैदानाचा भार होता. तिला मी दोष देत नाही. तिने आधी विनवले, मग सुनावले, की बिल्ला काम करणाऱ्यांसाठी असतो.

"न्हाई उठत, बाई," नाना म्हणाले.

तिने काळ्या सदऱ्यातला रखवालदार आणला. तो नानांच्या दुप्पट होता. नानांनी त्याला शांतपणे सांगितले, "उचलायचं तर मला एकट्याला उचल, बाबा. खुर्चीला हात लावू नको."

तो हसून निघून गेला. श्रुतीने हात पुढे केला. बाबुरावांनी नीट ऐकावे: बिल्ला कोणी काढून घेतला नाही. नानांनी टोपी उतरवली, स्वतः टाचणी सोडवली, बिल्ला धोतराला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. शरमेने मीही त्यांना चार शब्द बोललो. हे लिहिताना आजही जड जाते. त्यांनी जागा सोडली नाही.

दिवस मावळता मैदान रिकामे झाले. निदान त्या मुलीला कारण तरी सांगायचे होते, असे मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर समदे फोटो काढाय आले असते."

एवढे बोलून नाना उठले आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची सरळ वर उचलली. तिच्या पायांच्या मधोमध, मुरमात, खड्यांच्याच रंगाची टिटवीची चार अंडी होती. एकही फुटलेले नव्हते.