रंगनाथअण्णांचं काळं-पांढरं

आमच्या शेजारच्या रंगनाथअण्णांनी मला एकदा दारातूनच परत पाठवलं, कारण माझा शर्ट हिरवा होता. त्यांना फक्त माझा एक फोटो काढायचा होता. म्हणाले, "ह्यो हिरवा आन् मागचा तांबडा पडदा, दोन्ही येकच राखाडी हुत्यात. तुमी पडद्यात विरघळाल. पांढरा घालून या."

अण्णांनी उभी नोकरी नागापूरच्या एका कारखान्यात, रंगखात्यात काढली. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लेकीनं त्यांना ई-रीडर दिला. वेळ जावा, चार पुस्तकं वाचावीत एवढाच तिचा हेतू. अण्णांनी एकही पुस्तक उघडलं नाही. ते यंत्र बंद केलं की पडद्यावर एक काळं-पांढरं चित्र थांबून राहतं, अण्णांचा जीव जडला तो त्या चित्रावर. त्यात आपली चित्रं घालायची युक्ती त्यांनी जावयाकडून शिकून घेतली आणि कॉम्प्युटरपुढं ठाण मांडलं. फोटो घ्यायचा, रंग काढून टाकायचे, मागची गर्दी पुसायची, पडद्याच्या मापात बसवायचा, काळं आणखी काळं करायचं. सध्या काय वाचताय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बंदच ठेवतो. बंद असल्यावरच कामाचं हाय."

पुढं पुढं त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली. कॉलनीतल्या एका नव्या सुनेच्या चेहऱ्याला कॉन्ट्रास्ट चांगला आहे, असं ते बोलून गेले. तिच्या सासूनं ही स्तुती की टोमणा, हे विचारायला मला बोलावून घेतलं. घोडेगावच्या बाजारात तर एका बैलाच्या मालकाला त्यांनी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात इतकं फिरवलं की सौदा पक्का झाला असंच तो समजला. अण्णांनी फोटो काढला, बैल झकास असल्याचं सांगितलं आणि चालू लागले. मालक काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली. अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका गावात त्यांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं माहेर आहे. तिथं वहिनींचे थोरले भाऊ असतात. ते आजारातून नुकतेच उठले होते, त्यांना प्रवास झेपत नव्हता आणि वहिनींचे गुडघे त्यांना गाडीत बसू देत नव्हते. फोनवर भाऊ रोज ठणठणीत असल्याचं सांगत.

पोचल्यावर अण्णांनी मेहुण्याची तब्येत विचारली, ती सदऱ्याकडं बघत. पिवळा सदरा उतरवायला लावून काळा स्वेटर चढवला. भिंतीला चुना नव्हता, म्हणून मागं पांढरी चादर धरायला मला उभं केलं. पातेल्यातला भात निवत होता. मेहुणे बिचारे थरथरत्या पायांवर उभे होते आणि अण्णा सांगत होते, "पाव्हणं, हनुवटी वर. सावली पडतीय." परतताना मी अण्णांशी धड बोललोही नाही.

दोन दिवसांनी त्यांनी चहाला बोलावलं. वहिनी खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या. त्यांना कमी दिसतं हे मला ठाऊक होतं, इतकं कमी हे नव्हतं. मोबाईलचा उजेड त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही, रंग एकमेकांत मिसळतात, असं अण्णांनी हळू आवाजात सांगितलं. ठळक काळं-पांढरं तेवढं अजून कळतं, तेही असं उन्हात धरल्यावर.

त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं आणि वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी ते नाकाजवळ नेलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"दादा लई वाळलाय," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मेहुणा वाळलाय हे ऐकून इतका हरखलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.