नव्वदची थरथर

दर रविवारी सकाळी पावणेसातला आमच्या इमारतीतले हुक्केरीकर अण्णा आपल्या गाडीच्या बॉनेटवर लोकरीचे तांबडे दोरे चिकटवायचे. वीतभर लांबीचे, ओळीने, पट्टी लावून मोजलेल्या अंतरावर. एक टोक चिकटपट्टीखाली, दुसरं मोकळं. बनशंकरीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी देवाचा नवस असेल. वॉचमनला अजूनही तसंच वाटतं. आयुधपूजेला त्याने त्या दोऱ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. विमानांच्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि नोकरीभर एकच काम केलं: एखादी वस्तू वाऱ्यात धरायची आणि ती किती थरथरते ते बघायचं. लग्न राहून गेलं. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "टेस्टिंग चालू होतं."

त्यांची गाडी पांढरी, सतरा वर्षांची, आणि तिला एक खोड होती. तुमकूर रस्त्याला नव्वदचा वेग घेतला की बॉनेटचा डावा कोपरा थरथरायचा. तुम्हीआम्ही गॅरेज गाठलं असतं. अण्णांचं म्हणणं वेगळं. "कारण कळल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही. ती दुरुस्ती नव्हे, झाकपाक." म्हणून ते दोरे. वारा पत्र्याला धरून वाहतो की मध्येच उधळतो, ते दोऱ्यांवरून कळतं म्हणे.

आता गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं, बॉनेटकडे नव्हे. म्हणजे बघायला दुसरा माणूस हवा. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "तू काय काम करतोस रे?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"टेस्टिंग? मग सरी, जमलंच! रविवारी सहा पंचेचाळीसला खाली ये."

टेस्टिंग शब्दाने माझा असा घात होईल हे इंटरव्ह्यूत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी रविवारची झोप पाहिली नाही.

पहिल्या दिवशी अण्णांनी बॉनेटचा खटका दोनदा उघडमीट करून तपासला, मला डावीकडे बसवलं, मांडीवर वही दिली. नेलमंगलचा टोल ओलांडला. काटा नव्वदवर आला आणि समोरचा पत्रा खरोखरच हलायला लागला. मी घाबरून ओरडलो, "अण्णा, हलतंय!"

"हलतंय म्हणजे काय? झाड हलतं, पाळणा हलतो, सरकार हलतं. रीडिंग असं देतात काय?"

मग त्यांनी मला पायऱ्या शिकवल्या. थरथर म्हणजे डोळ्याला दिसते पण कानाला ऐकू येत नाही ती. फुरफुर फक्त कडेला असते. फडफड झाली की ऐकूही येते आणि गाडी बाजूला घ्यायची. "आणि धडधड?" मी विचारलं. "ती बॉनेटची नव्हे, तुझी," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर टोलपासून दाबसपेटपर्यंत हसत राहिले.

नव्वदच्या वर ते कधी गेले नाहीत, त्यामुळे फडफडीपर्यंत प्रकरण कधी पोचलं नाही. माझं रीडिंग दर रविवारी तेच. "स्वल्प थरथर, डावा कोपरा." अण्णा गंभीरपणे मान हलवत. मग क्यातसंद्रला थांबून तट्टे इडली खायची. ताटलीएवढ्या त्या इडलीवर लोणी वितळेपर्यंत अण्णा प्रयोगशाळेतल्या गोष्टी सांगत. अमक्याचं पंख तुटलेलं मॉडेल, तमक्याने चहा सांडून बंद पाडलेलं यंत्र. परतीच्या वाटेवर मला डुलकी लागली तर ते रेडिओ बंद करत. वैशाली, माझी बायको, म्हणायची, "दोन वर्षं झाली, एक पत्रा हलतो एवढाच शोध लागलाय. पुढे?"

मलाही मधूनमधून तेच वाटायचं. तेवढ्यात अण्णा पुतणीच्या लग्नाला बेळगावला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे. "रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेव. बाकी कशाला हात लावू नको." मी दोन दिवस विसरलो, तिसऱ्या दिवशी बॅटरी मेली. धक्के मारमारून गाडी सुरू केली आणि जयनगरला अण्णांच्याच मेकॅनिककडे, मंजुनाथकडे, नेली.

मंजुनाथने बॅटरी बदलली, बॉनेट खाली पाडलं, दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबले आणि हसला. "रबर दब गया है, सर." बॉनेट ज्यावर टेकतं ते दोन रबरी ठोकळे. झिजून पार बसले होते. दहा मिनिटांत त्याने नवीन घातले, वरखाली करून नीट बसवले. मला इतका आनंद झाला! दोन वर्षांचं कोडं मी दहा मिनिटांत सोडवलं होतं. हात पुसता पुसता मंजुनाथ म्हणाला, "तीन साल पहले ही बोला था अण्णा को. बोले, बेडा." बेडा म्हणजे नको. म्हातारा हट्टी आहे, एवढाच अर्थ मी काढला. माणूस हुशार असला की किती मठ्ठ असू शकतो, त्याचा मी उत्तम नमुना आहे.

अण्णा परतल्यावर आलेल्या रविवारी मी मुद्दाम काही बोललो नाही. सत्तर, ऐंशी, नव्वद. दोरे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे सरळ. पत्रा जागचा हलेना.

"रीडिंग?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही! अण्णा, रबर बदलले मी. तुमच्यासाठी सरप्राइज!"

अण्णांनी वेग कमी केला, गाडी डाव्या बाजूला घेतली आणि बराच वेळ साठवर चालवली. मग म्हणाले, "सरी." इडली खाल्ली, पण गोष्ट सांगितली नाही. घरी आल्यावर एकेक दोरा काढून खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "छान केलंस. संपलं म्हणायचं काम."

पुढच्या रविवारी खाली जायचं कारण उरलं नव्हतं. मी पावणेसातला जागा होऊन छताकडे बघत पडलो. वैशाली कूस बदलत म्हणाली, "घे की आता झोप. हीच हवी होती ना?" पण झोप आली नाही. साडेसातला मी खाली अण्णांच्या घरी गेलो. ते खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात काही नाही.

मी उभ्या उभ्याच ठोकून दिलं. "अण्णा, मला वाटतं परत सुरू झालंय. काल मला डावीकडे जराशी थरथर दिसली."

"काल? गाडी आठ दिवस जागची हललेली नाही."

मी दाराची कडी चाळवू लागलो.

"खोटं रीडिंग देऊ नको रे. आमच्याकडे खोट्या रीडिंगनं माणसं मरतात." मग समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस."

मी बसलो. ते खिडकीकडे बघत बोलले. "रबर दबलेत ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मंजुनाथानं सांगायच्या आधी."

"मग कारण कळल्यावर तरी..."

"कारण कळलं होतं की. म्हणूनच तर नाही केलं." अण्णांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली. "लॅबमध्ये एकजण मशीन चालवायचा, एकजण रीडिंग घ्यायचा. एकट्यानं व्हायचंच नाही. माझी सगळी माणसं अशी मिळाली बघ, काम निघालं म्हणून. काम नसताना कुणाच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते मला येत नाही."

मला फार वाईट वाटलं. सांत्वनाचं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण मलाही ते येत नव्हतं. चहा झाला, आणि मी वर आलो.

त्याच्या पुढच्या रविवारी, पावणेसातला नव्हे, चांगलं सव्वासात वाजता बेल वाजली. दारात अण्णा. जिना चढून आल्याने धाप लागलेली. लिफ्ट चालू होती, पण बहुतेक त्यांना वेळ हवा होता.

"काम काही नाही," ते म्हणाले. "बघायचं काही नाही, लिहायचं काही नाही. गाडी उत्तम आहे. उगीच जायचं. येतोस काय?"

एका दमात एवढं बोलून ते मान खाली घालून पायपुसण्याकडे बघत उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि कान लाल झाले होते.

मी पायात चपला सरकवल्या आणि आत ऐकू जाईल असं ओरडलो, "वैशाली, आम्ही उगीच जाऊन येतो गं!"