राऊळ मॅडम आणि निळी खुर्ची

राऊळ मॅडम कुठेही बसण्याआधी ती वस्तू हलवून बघतात. ऑफिसचं टेबल, उडप्याकडचं बाकडं, लग्नाच्या हॉलमधली खुर्ची, काहीही. हललं की मोठ्याने जाहीर करतात, "हलतंय!" मग आजूबाजूचे चारजण उगाच सावरून बसतात.

ही खोड त्यांना कामाने लावली. माझगावला गोदीजवळ आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. पंपांचे भाग आम्ही कॉम्प्युटरवर काढतो. तिथे रेघ नुसती काढून भागत नाही. ती किती लांब, कशापासून किती दूर, हे सांगून तिला बांधावं लागतं. बांधलेली रेघ काळी दिसते, मोकळी राहिलेली निळी. निळी राहिली तर पुढे एक माप बदललं की अख्खा पंप वेडावाकडा होतो. मॅडम मागून येतात, माउस हिसकावतात, निळी रेघ धरून स्क्रीनभर फरफटवतात आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "पाटकर, हलतंय!" पाटकर म्हणजे मी. त्या रजेवर असल्या तरी मला ते ऐकू येतं.

त्यांचा दुसरा मंत्र, "गोलाई शेवटी." कडा गोल करायचं काम सगळ्यात शेवटी ठेवावं, नाहीतर मूळ आकार बदलताना सगळं कोसळतं. हा नियम मॅडम बोलतानाही पाळतात. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी साहेबांना सुनावलं, "हे डिझाइन भंगारात घाला." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. दाराशी जाऊन मॅडम वळल्या, "बाकी शर्ट छान आहे हां." ही त्यांची गोलाई.

अशा या बाईंच्या स्क्रीनवर एका दुपारी मला पंपाऐवजी घर दिसलं. खाट, माठ, देव्हारा, सगळं मापासकट.

"आईसाठी," त्या म्हणाल्या. नायगावची त्यांची चाळ पाडणार होते, टॉवरमधल्या फ्लॅटची चावी हातात आली होती. आईला डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. जुन्या खोलीत ती हाताच्या सवयीने वावरते. खाटेवरून हात टाकला की माठ, माठापासून पुढे देव्हारा. नव्या घरात ती धडपडेल, हा मॅडमना घोर. म्हणून खोलीची मापं घेऊन त्यांनी नव्या घरातली प्रत्येक वस्तू दुसरीपासून तितक्याच अंतरावर बांधली होती.

सगळं काळं. एक खुर्ची तेवढी निळी. इतक्या वर्षांनी चालून आलेली संधी मी सोडतो होय! माउस घेतला, खुर्ची घरभर फिरवली आणि ओरडलो, "मॅडम, हलतंय!"

मॅडम हसल्या नाहीत.

"ती गॅलरीतली खुर्ची आहे रे. आई दिवसभर दाराबाहेर तिच्यात बसते. येणारा-जाणारा हाक मारतो, 'काय आये, जेवलंस?' तिकडे गॅलरीच नाही. कालपासून फिरवतेय, कुठेच लागत नाही." मग म्हणाल्या, "आई विचारते, 'थंय माका हाक कोण मारतलो गो?' काय सांगू तिला?"

मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप माउस परत दिला.

दिवाळीनंतर त्यांच्या नव्या घरी गेलो. लिफ्ट उघडली तर समोर पॅसेजमध्येच खुर्ची, आणि तिच्यात आये. मॅडम आत चहा टाकत होत्या. मजल्यावरची बाकी सगळी दारं बंद.

"आये, इथे कोणी बोलतं का तुमच्याशी?" मी विचारलं.

"बोलता मां," आये म्हणाली. "रोज सांजेक एक जण लिफ्टातसून येता. 'काय आये, जेवलंस?' म्हणता."

मग तिने चाचपत माझा हात धरला, मला खाली ओढलं आणि आवाज बारीक केला.

"तीच ती, तुझी मॅडम. कामावरून येता नि आवाज बदलून हाक मारता. माका काय कळणा नाय? पण मी आपला 'कोण रे तो?' म्हणान इचारतंय. तेवढाच तिका बरा वाटता, झिला."