किमसाहेबांच्या काळ्या नूडल्स

मिस्टर किम शुक्रवारी दुपारी जेवायला येणार हे ठरल्यापासून चंद्रहासने घरात कुणाला धड श्वास घेऊ दिला नव्हता. आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीतलं स्कॅफोल्डिंगचं, म्हणजे परांच्या बांधायचं, काम कोरियन मॅनेजर किमसाहेबांच्या सहीवर अडलं होतं. ते हातचं गेलं तर त्याच्या माणसांना गावी परत पाठवावं लागणार होतं. अशात कॅम्पच्या कोरियन कुकने त्याला खाजगीत सांगितलं, की साहेबांचा जीव काळ्या नूडल्समध्ये, त्यांच्या त्या ‘जाजांग’मध्ये, अडकलाय. वर नूडल्स आणि काळ्या सोयाबीनच्या पेस्टचा एक डबाही हातात ठेवला.

कृती अगदी सोपी होती. कांदा, कोबी, चिकन परतायचं, पेस्ट तेलात जराशी भाजायची, पाणी आणि कॉर्नफ्लोअर घालून नूडल्सवर ओतायची.

"वीस मिनिटांत खलास," चंद्रहास म्हणाला. त्याने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता, त्यामुळे त्याला सगळंच झटपट वाटायचं.

त्याची बायको सुलक्षणा मालवणची. तिच्या हातचं वाटण तेल सुटेपर्यंत भाजल्याशिवाय कढईतून कधी उतरलं नव्हतं. ही पेस्ट मात्र तेल सोडायला तयार होईना, म्हणून ती भाजतच राहिली. पेस्ट मुळातच काळी, तेव्हा ती करपली हे रंगावरून कळायची सोय नव्हती. नाकाला कळलं तेव्हा इंटरकॉम वाजला. साहेब खाली आले होते.

चंद्रहासने बोटाने चाखून पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला. "संपलं. साइटवरच्या पोरांना आता काय सांगू मी?"

सुलक्षणाची सकाळपासूनची चिडचिड तिथेच विरली. तिने फ्रीज उघडला, काळ्या वाटाण्यांची सकाळची आमटी काढली, मिक्सरमधून फिरवली आणि बाजूला परतून ठेवलेल्या चिकन-कोबीत ओतली.

"आई, धिस इज नॉट कोरियन," उर्वी म्हणाली.

"काळं दिसतंय ना? मग गप्प बस."

किमसाहेबांनी पहिला घास घेतला आणि थबकले. ताटाकडे पाहिलं, मग मान खाली घालून खाऊ लागले. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. पाहुण्यासमोर रिकामं ताट म्हणजे सुलक्षणाच्या माहेरी नाक कापल्यासारखं. तिने पुन्हा वाढलं. वाढलेलं टाकणं म्हणजे किमसाहेबांच्या घरी यजमानाचा अपमान. त्यांनी तेही संपवलं. तिने आणखी वाढलं. साहेबांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी पट्टा सैल केला.

"अगं, बास कर, माणूस पडेल," चंद्रहास हसरा चेहरा ठेवून मराठीत म्हणाला.

"ताट रिकामं दिसतंय, मी काय करू?"

ती पुन्हा पळी घेऊन आली तेव्हा साहेबांनी दोन्ही हात ताटावर धरले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "धिस नॉट जाजांग."

उर्वीला राहवलं नाही. "इट्स आमटी, अंकल. द रियल वन गॉट बर्न्ट."

चंद्रहासने डोळे मिटून घेतले. त्याच्या कानावर आलं ते हसू. किमसाहेब मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होते, की कॅम्पवर रोज तेच, आणि गेला महिनाभर ज्या ज्या कॉन्ट्रॅक्टरने घरी बोलावलं त्या प्रत्येकाने त्याच काळ्या नूडल्स समोर ठेवल्या. कुक प्रत्येकाला डबा देत सुटला होता. मालवणी घर म्हणून मासे मिळतील अशा आशेने ते इथे आले होते, आणि पहिला घास उचलताना त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"फर्स्ट हाऊस, नो जाजांग," ते उठून कमरेत वाकले. "थँक यू."

शनिवारी सही झाली. चंद्रहासने लगेच एकेका माणसाला फोन लावला.

पुढच्या महिन्यात सुलक्षणा काळे वाटाणे आणायला गेली तर कोपऱ्यावरच्या रत्नागिरीकर खैरुद्दीनच्या दुकानात गोण रिकामी होती.

"नाहीत, भाभी. सगळे कॉन्ट्रॅक्टर येऊन उचलून नेतायत. कोकणातला एक नाही त्यांच्यात. काय झालंय तरी काय?"

घरी येऊन तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"मी कुणालाच सांगितलं नाही," चंद्रहास म्हणाला. "फक्त त्या कुकला."